घरची फेरी की धंद्याची

वहिनींनी आयुष्यात एकही काच कापली नाही, पण त्यांची ओळख मात्र काचेनेच झाली. गल्लीच्या तोंडाशी कोणालाही "काचवाल्या वहिनी" असं विचारा, तो हातातलं काम सोडून घर दाखवायला येईल. त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या शेजारीणबाईसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतात. पहिल्यापहिल्यांदा वहिनींना ते खटकायचं, मग त्यांनी सोडून दिलं. माणसाने भांडायचं तरी कुठे कुठे?

खाली दुकान आणि वर घर. लग्न होऊन आल्या तेव्हा खालून दिवसभर येणारे दोन आवाज त्यांना नवीन होते. आधी कटर काचेवरून ओढल्याचा चर्र आवाज, आणि मागोमाग काच सरळ रेषेत मोडल्याचा टक् असा आवाज. आता त्यांना चर्र ऐकू येतच नाही, कान फक्त टक् कडे असतात. टक् ऐवजी खळ्ळ झालं, तर काच भलतीकडे मोडली, आणि आज जेवताना नवऱ्याशी बोलण्यात अर्थ नाही, एवढं त्यांना वरूनच समजतं.

नवरा म्हणजे काचवाले. माणूस साधा, हाताने नेमका आणि तोंडाने कंजूस. खिडक्यांच्या काचा, कपाटांच्या काचा, तसबिरींच्या काचा आणि आरसे, एवढं त्यांचं जग. कोणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी खिडकीच्या काचेवर नखाने टकटक करून बघणार. एकदा शेजारच्या आजोबांना शेवटचा निरोप द्यायला गेले, तेव्हा तिथली तडकलेली काच त्यांच्या डोळ्यांत भरली. त्या दिवशी गप्प राहिले, पण दुसऱ्या दिवशी जाऊन फुकट बसवून आले. वर म्हणाले, "त्या काचेने मला झोप येऊ दिली नाही." आजोबांबद्दल ते काही बोलले नाहीत, पण वहिनींना कळायचं ते कळलं.

आणि त्यांची पिकअप. पांढरी, दारावर दुकानाचं नाव आणि फोन नंबर रंगवलेला. मागच्या हौद्यात काचा उभ्या टेकवून नेण्यासाठी लाकडाचा तिरका सांगाडा, त्याला घरात सगळे घोडी म्हणतात. घोडीला जुन्या ब्लँकेटांचं अस्तर. लग्नात आलेली चांगली चांगली ब्लँकेटं काचांनी पांघरली आणि माणसांनी चादरीवर भागवलं, असं वहिनी पाहुण्यांना हसत सांगतात. काचवाले गाडी इतकी जपून हाकतात की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जातात.

या घोडीबद्दल घराण्याचा एक नियम आहे. काचवाल्यांच्या वडिलांनी तो घालून दिला. ते हातगाडीवर काचा विकायचे आणि म्हणायचे, "घोडी रिकामी रस्त्यावर न्यायची नाही. रिकाम्या गाडीलाही जोर तेवढाच लागतो." हातगाडी जाऊन पिकअप आली, वडील गेले, नियम राहिला. काचवाले बँकेत जाणार असले तरी वाटेवरच्या कोणाची तरी न्हाणीघरातली काचेची फळी मागे ठेवणार. मुलीच्या वेळी वहिनींना कळा सुरू झाल्या आणि गाडी दवाखान्याकडे निघाली, तेव्हासुद्धा मागे तसबिरीची एक काच होती आणि ती वाटेत एका दारात दिली गेली. हे वहिनी कधीच विसरणार नाहीत. काचवाल्यांची बाजू अशी की, "गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं होतं. मी खाली उतरलोसुद्धा नाही."

मुलगी मोठी होऊन तिच्या घरी गेली. वहिनींना फिरायची हौस म्हणाल तर फार नाही. धाकटी बहीण धरणापलीकडच्या गावात दिली आहे, अधूनमधून तिच्याकडे जायचं, आणि येताना धरणाच्या भिंतीवर पाय सोडून घटकाभर बसायचं. एवढं मिळालं की त्यांचे दोन महिने सुखात जातात. आणि ते मिळतही होतं. फक्त प्रत्येक वेळी मागे एक आरसा असायचा. "तिकडे एक आरसा द्यायचाय, येतेस का?" असं काचवाले विचारायचे, आणि वहिनी डबा भरायला घ्यायच्या. बहिणीच्या गल्लीत आता आरशाशिवाय घर उरलेलं नाही. बहीण चिडवायची, "तुझा नवरा येतो आरसा विकायला आणि तू येतेस मला भेटायला. दोघांना गाडी एकच मिळते इतकंच." वहिनी हसायच्या. तेव्हा त्यात लागण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी जुनी पिकअप थकली आणि काचवाल्यांनी नवी घेतली, तिथून ही कहाणी सुरू झाली.

वहिनींचा पाठचा भाऊ कर-सल्लागार आहे. हुशार, बोलका, आणि आपण बहिणीच्या घरावर उपकार करतो हे न बोलता दाखवून देणारा. काचवाल्यांचा कराचा सगळा कारभार तोच बघतो. फी घेत नाही, पण त्याच्या घराच्या सगळ्या खिडक्यांना फुकट काच आहे, तेव्हा कोण कोणाचं देणं लागतं हा प्रश्न कोणी काढत नाही. त्याने नव्या पिकअपचा सगळा खर्च धंद्याच्या नावावर टाकला. डिझेल, दुरुस्ती, विमा, कर्जावरचं व्याज, गाडी वापराने झिजते त्याचा घसारा, सगळं उत्पन्नातून वजा. "गाडीवर दुकानाचं नाव आहे, मागे घोडी आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?" असं म्हणून त्याने विवरणपत्र भरून टाकलं.

कर कार्यालयाला मात्र आरसा हवा होता. त्यांचं पत्र आलं. वजावट मिळते ती गाडी धंद्यासाठी जेवढी फिरली तेवढ्याचीच, घरच्या वापराचा वाटा त्यातून काढावा लागतो. घरात दुसरी गाडी दिसत नाही, मग घरचा वापर शून्य कसा? वर्षभराच्या फेऱ्यांच्या नोंदी घेऊन या.

नोंदी कोणी ठेवल्या होत्या? भाऊराया तणतणत आला. "भावोजी, मी तुम्हाला दरवर्षी सांगतो, फेऱ्या लिहून ठेवा. पालथ्या घड्यावर पाणी." मग त्याने एक वही आखून दिली आणि रकाने समजावून सांगितले. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कारण, सोबत. जुनी बिलं आणि डिझेलच्या पावत्या जुळवून गेलं सगळं वर्ष त्यात उतरवायचं. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, पण खरं आहे ते धंद्याच्या बाजूने लिहायचं. वहिनींचं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम त्यांच्याकडे आलं.

"आणि ताई, जिथे तू बरोबर होतीस, तिथे सोबतमध्ये 'मदतनीस' लिही," भाऊ म्हणाला. "आरशाचं दुसरं टोक तूच धरतेस ना?"

"धरते की."

"मग झालं. खोटं कुठे आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. इथेच तर घोडं पेंड खात होतं.

जेवणं आटोपली की दोघं बसायची. काचवाले बिलं चाळून सांगायचे आणि वहिनी लिहायच्या. लग्नाला गेलो, वाटेत शोकेसची काच दिली. कारण: काच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांच्याच दवाखान्याच्या दाराचं माप घेतलं. कारण: माप. पहिल्या दिवशी दोघांना हसू आवरत नव्हतं. मग धरणापलीकडच्या फेऱ्या आल्या. कारण: आरसा. सोबत: मदतनीस. पुन्हा कारण: आरसा. सोबत: मदतनीस. बहिणीचं ऑपरेशन झालं तेव्हाची फेरी आली. रात्रभर बहिणीच्या उशाशी बसून वहिनींनी तिच्या कपाळावर हात ठेवला होता. कारण: आरसा. धरणाच्या भिंतीवर बसून त्या दोघांनी डबा खाल्ला, वारा इतका होता की झाकण उडून पाण्यात पडलं, आणि काचवाले अख्ख्या वर्षात एवढे हसले नव्हते, तो दिवस आला. कारण: आरसा.

वहिनींचं पेन थांबलं.

"काय झालं?" काचवाल्यांनी विचारलं.

"यातली एक तरी फेरी माझी होती का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? काम होतं म्हणून गाडी जात होती आणि गाडी जात होती म्हणून मी जात होते. असंच ना? काचेबरोबर ब्लँकेट जातं तशी."

काचवाल्यांनी हातातलं बिल उलटं केलं, सुलटं केलं. उत्तर त्यांच्या तोंडाशी आलं असावं, पण तोंड उघडायची त्यांना सवय नाही. शेवटी म्हणाले, "अगं, पण बरंच आहे ना. सगळं वजा होतंय."

बोलायचं नाही तेव्हा नेमकं बोलणं, ही देणगी काही पुरुषांना जन्मतः मिळते. वहिनींनी बाकीचं पान लिहून पुरं केलं, वही मिटली आणि झोपायला गेल्या.

त्या रागावल्या नव्हत्या, असं त्यांनी स्वतःला समजावलं. या वयात कोण असल्या गोष्टींवर रागावतं? नवरा चांगला आहे, पोटाला कमी नाही, अंगावर कधी ओरडला नाही. पण आतून काहीतरी दुखत होतं खरं. इतकी वर्षं त्या ज्याला आपलं सुख समजत होत्या, ते आरशाच्या पाठीला चिकटून येत होतं, आणि आरसा नसता तर आलंच नसतं. हे कोणाला सांगणार? सांगितलं तर लोक हसणार. म्हणून त्या मूग गिळून गप्प बसल्या, आणि भांडी मात्र जरा जोरात ठेवू लागल्या.

पंधरवड्याने काचवाल्यांनी जिन्यातूनच विचारलं, "तिकडे एक आरसा द्यायचाय. येतेस का?"

"मी नाही येत," वहिनी म्हणाल्या. "मदतनीस दुसरा बघा."

काचवाले दोन पायऱ्या खाली उतरले. मग म्हणाले, "बरं. मग राहू दे."

आणि खरोखरच राहू दिलं. ब्लँकेटात गुंडाळलेला आरसा दुकानामागच्या बोळात भिंतीला टेकून उभा राहिला. वहिनी पाणी भरायला बोळातून जायच्या. ब्लँकेट एका बाजूने घसरलं होतं, त्यामुळे येता-जाता त्यांना स्वतःची अर्धी आकृती दिसायची, एक कान, एक खांदा आणि बादली. "गिऱ्हाईक खोळंबलं असेल," असं त्यांनी एकदा सुनावलंसुद्धा. काचवाले म्हणाले, "त्याला घाई नाही." त्यातली गोम वहिनींच्या ध्यानात आली नाही. राग असला की काखेत कळसा असूनही माणूस गावाला वळसा घालतो.

मग कर कार्यालयातली तारीख आली. नोंदी वहिनींच्या हातच्या, तेव्हा काही विचारलं तर त्यांनाच सांगावं लागेल, म्हणून भावाने त्यांनाही बरोबर घेतलं. तिघं पिकअपमध्ये दाटीवाटीने बसली. मागे अर्थातच कोणाची तरी खिडकीची काच होती. वाटेत भाऊ भावोजींना घोकून घेत होता. "विचारलं तेवढंच बोलायचं. फेरी कामासाठी होती का? हो. घरासाठी होती का? नाही. बस्स. हो आणि नाही, यापलीकडे जायचं नाही."

"मला जास्त बोलायला आवडतच नाही," काचवाले म्हणाले.

"तेच तुमचं बलस्थान आहे."

अधिकाऱ्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. तीन बाजूंना फायलींची कपाटं, वर घरघरणारा पंखा, टेबलावर काचेखाली दाबलेलं जुनं कॅलेंडर. टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. वयाने वहिनींच्याच बरोबरीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसांना वहिनी जरा बिचकून असतात. त्यांच्या मागच्या खिडकीची एक काच फुटलेली होती आणि तिथे पुठ्ठा चिकटवला होता. काचवाल्यांची नजर आत शिरताक्षणी त्या पुठ्ठ्यावर जाऊन बसली.

"भावोजी," भाऊ त्यांच्या कानाशी कुजबुजला, "खिडकीकडे बघू नका. काच बसवून देतो म्हणालात तर ती लाच होईल."

मॅडमनी वही चाळली. सावकाश, एकही पान न वगळता. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "अक्षर छान आहे. कोणाचं?"

"माझं," वहिनी म्हणाल्या.

"आणि हे मदतनीस कोण?"

"तीही मीच."

"पगार मिळतो?"

"मिळाला असता तर घेतला असता."

मॅडमच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी शहरातल्या फेऱ्या भराभर तपासल्या, तिथे फारसं विचारलं नाही. दवाखान्याच्या दाराचं माप त्यांना पटलं. मग धरणापलीकडच्या फेऱ्यांवर त्यांचं बोट थांबलं.

"इथे दर वेळी एकच आरसा दिसतोय. एवढ्या लांब एक आरसा घेऊन जायचं म्हणजे डिझेल किती लागतं?"

काचवाल्यांनी सांगितलं.

"आणि एका आरशामागे सुटतं किती?"

काचवाल्यांनी तेही खरं सांगितलं. भावाने छताकडे बघितलं.

"म्हणजे प्रत्येक आरशापायी तुम्ही पदरमोड करता," मॅडम म्हणाल्या. "असा धंदा कोण करतं?"

"मॅडम, गिऱ्हाईक टिकवायचं म्हणजे कधीकधी..." भावाने सुरुवात केली.

"मी त्यांना विचारतेय." आवाज तसाच मऊ. "हे बघा, मी रुक्ष प्रश्न विचारते, कारण नियमच रुक्ष आहे. गाडी नेमकी कशासाठी निघाली, एवढंच मला बघायचंय. हे आरसे नसते, तरी त्या दिवशी गाडी निघाली असती का?"

वहिनींना माहीत होतं की आता नवरा 'नाही' म्हणणार. म्हणायलाच हवं होतं. 'नाही' म्हटलं की काम फत्ते आणि सगळी वजावट हातात. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वहीचा तोच तर अर्थ होता. तरी ते 'नाही' ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी मान फिरवून कपाटाकडे बघितलं.

"निघाली असती," काचवाले म्हणाले.

टेबलाखाली भावाचा पाय हलल्याचा आवाज झाला. लाथ चुकून वहिनींना लागली.

"आणि या बरोबर नसत्या तर?"

"तर कशाला निघेल?" काचवाल्यांना प्रश्नच कळला नव्हता. "मागे ही नाही म्हणाली. आरसा अजून बोळात उभा आहे."

"ज्याने मागवला तो थांबून राहिला?"

"मागवलाय कोणी?" काचवाले पुठ्ठ्याकडे बघत बोलत होते, त्यामुळे बहुधा त्यांना सोपं जात होतं. "हिला बहिणीची आठवण यायला लागली की मला कळतं. ही भांडी जोरात ठेवायला लागते. मग मी तिकडे फोन करत सुटतो, कोणाला आरसा हवाय का. कोणी ना कोणी हो म्हणतं. आता तर कोणी उरलं नाही, सगळ्यांकडे झाले. घोडी रिकामी न्यायची नाही असं वडिलांनी सांगितलंय. आणि नुसतंच फिरायला चल म्हणायचं, तर..." इथे ते अडकले. "ते मला जमत नाही."

एवढं लांबलचक बोलताना वहिनींनी त्यांना लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकलं होतं. पहिल्यांदा ते काच कशी बनते याबद्दल बोलले होते.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना त्याचा रागही आला. इतकी वर्षं हा माणूस शेजारी बसून गाडी हाकतोय, आणि आपल्याला काही म्हणता काही कळलं नाही. कळलं तेही कुठे, तर कर कार्यालयात, परक्या बाईसमोर, फायलींच्या कपाटाकडे तोंड करून. त्यांना हसू आलं, रडू आलं, आणि नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घालावासाही वाटला. पण जागा तशी नव्हती. त्यांनी नाक पुसलं आणि सरळ बसल्या.

मॅडमनी पेन उचललं. धरणापलीकडच्या प्रत्येक फेरीसमोर बारीकशी खूण केली. "या सगळ्या घरच्या," त्या म्हणाल्या. "यांचा वाटा खर्चातून वगळावा लागेल. घसाऱ्यातूनही. कर वाढेल, थोडं व्याजही पडेल. तुम्ही खरं ते सांगितलंत, तेव्हा दंड लावण्याचं मला कारण दिसत नाही. सुधारित हिशेब करून भरा." मग वही वहिनींकडे सरकवत म्हणाल्या, "आणि हे मदतनीस वगैरे काढून टाका."

उठताना काचवाल्यांना राहवलं नाही. "मॅडम, त्या खिडकीचं माप फार मोठं नाही. तुमच्या कार्यालयाने रीतसर मागवली तर..."

"भावोजी," भाऊ म्हणाला, आणि त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेला.

जिना उतरताना भावाच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "एक 'नाही' म्हणायचं होतं. फक्त एक. मी वाटभर काय शिकवत होतो? मी उगीच रक्त आटवतो. आता भरा जास्तीचे. बाई बिचारी सरळ विचारत होती..."

"त्यांनी विचारलं म्हणून नाही सांगितलं," काचवाले म्हणाले.

"मग कोणासाठी सांगितलंत?"

"हिने घरी विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

भावाने बहिणीकडे बघितलं. बहीण पायऱ्या बघत उतरत होती, जणू त्या जिन्याइतकं बघण्यासारखं जगात काही नाही. भाऊ मग गप्प झाला. हुशार असला तरी तो मुळात वाईट नाही.

कर भरून झाला. थोडं कुरकुरत, पण भरला. वहिनींनी आपल्या बाजूला ठेवलेल्या पैशांतून थोडे काढून दिले, आणि काचवाल्यांनी ते निमूट घेतले. त्यांच्यात याहून गोड बोलणं होत नाही, आणि आता वहिनींना त्याची गरजही वाटेनाशी झाली. त्या आठवड्यात भांडी जोरात वाजली नाहीत. तरी रविवारी सकाळी काचवाले जिन्यात येऊन उभे राहिले. तिथे ते बराच वेळ घसा खाकरत होते.

"चल," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीकडे."

"आरसा द्यायचाय का?"

"नाही. नुसतं." हा शब्द बाहेर काढताना त्यांचा चेहरा दाढ काढायला बसलेल्या माणसासारखा झाला होता. "घोडी रिकामीच नेऊ आज."

वहिनींनी डबा भरला, खाली आल्या आणि गाडीकडे न जाता सरळ बोळात शिरल्या. आरशावरचं ब्लँकेट नीट करून त्यांनी एक टोक उचललं.

"या इकडे," त्या म्हणाल्या. "धरा त्या बाजूने."

"अगं, पण हा द्यायचा कोणाला? त्या गल्लीत आता कोणी उरलं नाही म्हटलं ना."

"धरा तर आधी. वडिलांचा नियम मोडून मला फिरायला न्याल आणि वाटभर तोंड एवढंसं करून बसाल. त्यापेक्षा आरसा बरा."

आरसा घोडीवर चढला, दोरी बांधली गेली. चालू वर्षाची वही आता गाडीतच असते. भावाने तसा दम दिलाय, फेरी निघायच्या आधी लिहायची. वहिनींनी ती मांडीवर घेतली आणि एकेक रकाना भरला. लिहून झाल्यावर त्यांनी वही नवऱ्यापुढे धरली. काचवाल्यांनी गाडी सुरू करता करता वाचलं.

कारण: मी. सोबत: आरसा.

"तुझा भाऊ ओरडेल," ते म्हणाले.

"ओरडू दे."

गाडी गल्लीतून बाहेर पडली. एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. धरणाकडचा रस्ता लागेपर्यंत काचवाल्यांच्या मनात काहीतरी घोळत होतं हे वहिनींना दिसत होतं.

"आता हा तिकडे नेऊन करायचं काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"परत आणायचा," वहिनी म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी परत न्यायचा."

काचवाल्यांनी यावर बराच विचार केला. मग त्यांनी मान हलवली, आणि पुढे खड्डा दिसला म्हणून गाडी आणखी हळू केली.